ताई, कॉपला जाऊ का? तिथं माझं काय काम?

या आठवड्याचं पत्र थोडं छोटं करून देते.

"ताई नमस्कार, मी २३ वर्षांची, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव. बीएस्सी अॅग्री झालंय, सध्या एका संस्थेत फिल्डवर आहे, शेतकऱ्यांच्या बैठका, माती परीक्षण, पावसाच्या नोंदी असलं काम. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेकाठचं आमचं दीड एकर खरडून गेलं, आता तिथं नुसता मुरूम दिसतो. आमच्या संस्थेशी जोडलेली पुण्याची एक मोठी संस्था आहे, त्यांच्याकडे युएनच्या क्लायमेट परिषदेचा एक बॅज आहे, कॉप ३१, नोव्हेंबर २०२६, तुर्कीत अंताल्याला. यूथ डेलिगेट म्हणून माझं नाव चाललंय. ते म्हणतात दुसऱ्या आठवड्यात ये, तेव्हा मंत्री असतात, एका पॅनलवर तुझी पुराची स्टोरी सांग. विमान आणि राहण्याचा निम्मा खर्च माझा. पप्पा म्हणतात आईच्या गंठणावर गोल्ड लोन काढू पण तू जा. चुलते म्हणतात तुर्कीने पाकिस्तानला साथ दिली म्हणून पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं बंद केली आणि तू तिकडं निघालीस व्हय. इंग्रजी वाचायला बरं आहे, बोलताना त त प प होतं. खरं सांगा, तिथं माझ्यासारखीचं काय काम? की नुसतं फोटोपुरतं?"

बाई, जा. पण दुसऱ्या आठवड्यात नको, आणि आईचं गंठण गहाण टाकून तर अजिबात नको. आता का ते सांगते, जरा लांबेल.

आधी बॅजचं. यूथ डेलिगेट हा शब्द लोक दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि त्यात पोरं फसतात. काही देश, म्हणजे जर्मनी, नेदरलँड्स वगैरे, आपल्या सरकारी शिष्टमंडळात तरुण माणूस घेतात, त्यांचा बॅज सरकारी असतो, गुलाबी. तुझा तसा नाहीये. तुझा ऑब्झर्व्हरचा, पिवळा, संस्थेच्या कोट्यातला. म्हणजे तू भारताच्या वतीने बोलणार नाहीस, तिथं मतदान नाही, मसुद्यात एक स्वल्पविराम बदलायचा अधिकार नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर गावात बोर्ड लागतो की आपली लेक युएनमध्ये भारताचं प्रतिनिधित्व करणार, आणि मग परत आल्यावर सरपंच विचारतात काय निर्णय घेऊन आलीस.

आणि बॅज खरा आहे का ते तपास, संस्था ओळखीची असली तरी. एकट्या माणसाला स्वतःचं नाव घालता येत नाही, युएनएफसीसीसीकडे, म्हणजे युएनच्या ज्या कार्यालयाकडे हा हवामान करार आहे त्यांच्याकडे, मान्यता असलेली संस्थाच नॉमिनेशन टाकते, ऑनलाइन, आणि ते झालं की तुझ्या स्वतःच्या ईमेलवर युएनकडून मेल येतो. संस्थेच्या लेटरहेडवरचं अभिनंदनाचं पत्र म्हणजे नॉमिनेशन नव्हे. दुसरं म्हणजे युएन या नोंदणीचा एक रुपयाही घेत नाही. इन्स्टावर फिरतात ना, यू आर सिलेक्टेड, डेलिगेट फी अमुक लाख, सर्टिफिकेट आणि गाला डिनर सकट, त्यांच्या नादी लागू नकोस, तुझ्या मैत्रिणींनाही सांग. तुझ्या केसमध्ये ते प्रवासाचे पैसे मागतायत, फी नाही, तो वेगळा विषय, त्यावर शेवटी येते.

आता आठवड्याचं, कारण मला वाटतं तुझ्या पत्रात खरी मेख तिथं आहे. मंत्री दुसऱ्या आठवड्यात येतात हे बरोबर, पण म्हणूनच दुसऱ्या आठवड्यात तुझ्यासाठी दारं बंद होत जातात. मंत्री आले की चर्चा बंद दाराआड जाते, आपण पिवळे बॅजवाले बाहेर कार्पेटवर भिंतीला टेकून चार्जिंगचा पॉइंट शोधत बसतो. मंत्री दिसतात ते कॅमेऱ्यांच्या घोळक्यात. फोटो मिळतो, बाकी काही नाही. पहिल्या आठवड्यात काय असतं, तर दोन उपसमित्या, त्यांचं अर्धं काम खरं तर दर जूनमध्ये जर्मनीत बॉनला होतं आणि उरलेलं कॉपच्या पहिल्या सहा दिवसांत, शनिवारपर्यंत त्यांना आपापले विषय गुंडाळायचे असतात. आणि शेतीचा विषय या उपसमित्यांकडेच आहे! तू अॅग्रीची पोरगी, तुला कोणी हे सांगितलंच नाही का?

थोडा इतिहास सांगते, तुझ्या उपयोगाचा आहे. इतकी वर्षं या परिषदा चालू आहेत, पहिली कॉप १९९५ ला बर्लिनमध्ये झाली, पण शेतीला स्वतःचा धड कार्यक्रम मिळायला २०१७ उजाडलं. फिजीच्या अध्यक्षतेखालच्या कॉपमध्ये तो झाला, नाव कोरोनिव्हिया. मग २०२२ ला इजिप्तमध्ये शर्म अल शेखला त्याच्याजागी चार वर्षांचा नवीन कार्यक्रम आला, शेती आणि अन्नसुरक्षेवर प्रत्यक्ष अंमलबजावणीचा. चार वर्षं मोज. २०२६. म्हणजे त्याचा हिशोब याच कॉप ३१ ला द्यायचाय, आणि पुढे काय हे भांडण पण तिथंच होणार. चार वर्षांत काय झालं तर मुख्यतः वर्कशॉप आणि एक ऑनलाइन पोर्टल, विकसनशील देश पहिल्यापासून म्हणत होते की पैसा आणि तंत्रज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणारी काहीतरी यंत्रणा पाहिजे, ते अडकलं. तर तुझ्या कामाचं, तुझ्या तालुक्याचं, तुझ्या डिग्रीचं जे काही आहे ते अजेंड्यावरच्या या एका आयटममध्ये आहे आणि तो पहिल्या आठवड्यात आहे. संस्थेला हे माहीत नसेल असं नाही, पण मंत्र्यांचा आठवडा म्हटलं की देणगीदारांना बरं वाटतं, असो.

खोलीत काय होतं ते सांगते म्हणजे भीती जाईल. यू आकाराची टेबलं, प्रत्येकापुढे देशाच्या नावाची पाटी, बोलायचं असेल तर ती पाटी उभी करून ठेवायची. पुढे दोन को-फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवणारे, एक श्रीमंत देशातला एक आपल्यासारख्या देशातला. भिंतीवर स्क्रीन, त्यावर मसुदा, आणि ज्यावर एकमत नाही ते सगळं चौकोनी कंसात. कधीकधी अख्खा परिच्छेद कंसात, त्याच्या आत अजून कंस, त्याच्या आत पर्याय एक पर्याय दोन. तू भिंतीकडच्या खुर्चीत. भारत बोलतो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच, की आम्ही जी ७७ आणि चीनच्या निवेदनाशी सहमत आहोत. जी ७७ हा विकसनशील देशांचा गट, त्यात देश १३०च्या वर आहेत, नावात ७७ असले तरी, त्यामुळे भारताची भूमिका कळायला आधी त्या गटाची भूमिका ऐकावी लागते. पहिला तास काहीच कळत नाही, कोणालाच नाही कळत. दुसऱ्या-तिसऱ्या मीटिंगला लक्षात यायला लागतं की कोणता देश कोणत्या शब्दापाशी आला की पाटी उभी करतो, आणि मग मात्र मजा यायला लागते, ग्रामसभेत ठरावाचं वाचन चालू असताना एक माणूस नेमका एकाच वाक्याला उठून उभा राहतो ना, आणि सगळ्या गावाला ठाऊक असतं त्याचा बांध तिथं आहे, अगदी तसं. फोटो, रेकॉर्डिंग करायचं नाही त्या खोल्यांत, बॅज काढून घेऊ शकतात. वहीत लिही.

इंग्रजीचं म्हणशील तर मोठ्या प्लेनरीत, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र सभेत, युएनच्या सहा भाषांत अनुवाद असतो पण या छोट्या खोल्यांत सगळं इंग्रजीतच, आणि तिथं बसलेल्या निम्म्या लोकांची ती भाषा नाही. पश्चिम आफ्रिकेतला निगोशिएटर फ्रेंचमध्ये विचार करून हळूहळू बोलतो आणि कोणी हसत नाही, उलट तो काय म्हणतो ते लिहून घेतात. तुला बोलायला लागणारच असेल तर ते यंगोतून. यंगो म्हणजे तिथला तरुणांचा अधिकृत गट, शेतकऱ्यांचा, महिलांचा, कामगार संघटनांचा असे नऊ गट आहेत त्यातला एक. वेळ उरला तर या गटांना दोन मिनिटं मिळतात, कधी एकच. ते निवेदन पाच-दहा जण मिळून रात्री जागून लिहितात, वाचतो एक जण. तू आत्ताच त्यांच्या शेतीच्या कामाच्या ग्रुपमध्ये शिर, ऑनलाइन मीटिंगा असतात, तिथं आधी दोनदा-तीनदा बोललीस की जीभ सुटते. शेतकऱ्यांचा वेगळा गट आहे त्यांच्या सकाळच्या बैठकीलाही जाऊन बस, मला तर वाटतं तुझं जास्त तिथं जमेल.

आता ती स्टोरी. पॅनलवर बसून पूर सांगायचा की नाही हे तू ठरव, संस्था नाही. मी बघितलंय की अशा साइड इव्हेंटला तरुण मुलीला शेवटची पाच मिनिटं देतात, ती रडली की हॉल शांत होतो, टाळ्या होतात, आणि मग सूत्रसंचालक म्हणतो थँक यू फॉर युअर करेज आणि सगळे जेवायला पळतात. तुझं दुःख खोटं आहे असं नाही ग. पण ते तिथं कोणाला काही करायला भाग पाडत नाही. त्याऐवजी एक पानाचा कागद घेऊन जा. एकच पान, दोन्ही बाजूला नको.

त्यात काय? त्या दिवसांत तुझ्या महसूल मंडळात रोज किती मिलिमीटर पडला, आपल्याकडे २४ तासांत ६५ च्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, तर किती दिवस ६५ च्या वर होता. दीड एकरावरची काळी माती गेली, ती परत टाकायची तर किती ब्रास लागते, ट्रिपला काय भाव, ट्रॅक्टरवाला काय मागतो. सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून हेक्टरी ३ लाखांपर्यंत. तुमच्या दीड एकराला रोख म्हणून २८ हजारांच्या आसपास बसतात. ते आले का, कधी आले, मनरेगाचं काम निघालं का, ते लिही. पीक विम्याचं लिही, २०२५ च्या खरिपापासून राज्याने योजना बदलली, स्थानिक आपत्तीची भरपाई काढून टाकली आणि सगळं पीक कापणी प्रयोगावर आणलं, म्हणजे शेतातली मातीच वाहून गेली तर कापणी प्रयोग कशावर करायचा हा प्रश्न कोणीही विचारेल. नाव-गाव-गट नंबर नको, आकडे हवेत. हा कागद तू आपल्या शिष्टमंडळातल्या माणसाला कॉरिडॉरमध्ये देऊ शकतेस, ते माणसंच असतात, चहाच्या रांगेत उभी असतात, मराठी कळणारं कोणी भेटलं तर सोन्याहून पिवळं. जायच्या आधी पर्यावरण मंत्रालयाला ईमेल करून ठेव, उत्तर येईलच असं नाही, पण तिथं भेटल्यावर म्हणता येतं की मी लिहिलं होतं.

भारताची शेतीवरची भूमिका पण वाचून जा, अर्धवट माहितीवर आपल्याच लोकांना बोल लावायला नको आणि उगाच टाळ्या पण वाजवायला नकोत. आपण म्हणतो की शेतीवर उत्सर्जन कपातीचं ओझं नको, लहान शेतकरी जगण्यासाठी शेती करतो, त्याला बदलत्या हवामानात तग धरायला पैसा द्या. मिथेन हा वायू भातखाचरं, जनावरं यांतूनही निघतो, तो कमी करायच्या २०२१ च्या जागतिक संकल्पावर म्हणूनच आपण सही केली नाही, २०२३ ला दुबईत शेतीचा जाहीरनामा निघाला त्यावरही नाही. मला स्वतःला यातलं पहिलं म्हणणं पटतं. पण तोच तग धरायचा पैसा देशातल्या देशात परंड्यापर्यंत कसा येतो हे विचारायला तुला कोणी अडवलेलं नाही, आणि दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने बोलता येतात. फक्त परिषदेच्या आवारात घोषणा-बॅनर असलं काही करायचं तर युएनची आधी परवानगी लागते आणि त्यात कुठल्या देशाचं किंवा माणसाचं नाव घ्यायला चालत नाही. हे चुलत्यांना सांग, त्यांना वाटत असेल तू तिथं देशाविरुद्ध मोर्चा काढणार. आणि सफरचंदाचं म्हणाल तर परिषद युएनची आहे, तुर्की यजमान, वाटाघाटी चालवायचं काम तर यावेळी ऑस्ट्रेलियाकडे दिलंय, भारत सरकारही या करारांचा सदस्य म्हणून जातंच.

एक गोष्ट मात्र आधीच मनातून काढून टाक, की तिथून नुकसानभरपाईचा पैसा येईल. तुला कोणीतरी लॉस अँड डॅमेज फंडाबद्दल सांगितलंच असेल. तो २०२२ ला ठरला, २०२३ ला दुबईत पहिल्याच दिवशी सुरू झाला असं जाहीर झालं, टाळ्या खूप झाल्या. २०२५ पर्यंत सगळ्या देशांनी मिळून कबूल केलेली रक्कम ८० कोटी डॉलरच्या आसपास होती. पहिल्या फेरीत वाटायला ठेवले २५ कोटी डॉलर, म्हणजे ढोबळ सव्वादोन हजार कोटी रुपये, अख्ख्या जगातल्या विकसनशील देशांसाठी, त्यातले निम्मे तरी छोटी बेटं आणि सगळ्यात गरीब देशांना, जे योग्यच आहे. एका प्रस्तावाला ५० लाख ते २ कोटी डॉलर. आता हे आपल्या एका राज्याच्या एका पुराच्या ३१,६२८ कोटींशेजारी ठेव. मी तुला हताश करायला सांगत नाहीये, उलट हा हिशोब तोंडपाठ असलेली पोरगी त्या खोल्यांत फार कमी असते.

आणि वजन म्हणशील तर २०२४ च्या कॉपला अझरबैजानमध्ये बाकूला काय झालं बघ. श्रीमंत देशांच्या पुढाकाराने विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचे हा आकडा ठरत होता, भारताला त्याआधी बोलायचं होतं, तेवढ्यात अध्यक्षांचा हातोडा पडला आणि निर्णय झाला. मग भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उठून सांगितलं की हा कागद म्हणजे ऑप्टिकल इल्युजन आहे. दीडशे कोटींच्या देशाला असं होतं, तर तुझ्या दोन मिनिटांनी मसुदा हलेल ही अपेक्षा ठेवून गेलीस तर तिसऱ्या दिवशी हॉटेलवर रडत बसशील. तू जायचंस ते बघायला, की तुझ्या बांधावर जे पोचत नाही ते नक्की कुठल्या कंसात अडकलंय. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की परत आल्यावर तहसीलला, कृषी अधिकाऱ्यासमोर, संस्थेच्या मीटिंगमध्ये तू वेगळ्या पद्धतीने प्रश्न विचारतेस. एवढा फायदा आहे, यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

आता पैसे. पप्पांचं मन मोठं आहे, पण ज्या घरातलं दीड एकर गेलंय त्या घराने गोल्ड लोन काढून संस्थेचं काम करायचं नाही. हो, संस्थेचंच काम. तू पॅनलवर बसलीस तर तो फोटो त्यांच्या वार्षिक अहवालात जाणार, मग तिकीट त्यांचं. हे भांडून नाही, सरळ विचारायचं. संस्थांना प्रवासासाठी निधी मिळू शकतो, अर्ज करायला वेळ लागतो, म्हणून आत्ता विचार. राहायची जागा हा त्यातला सगळ्यात मोठा खड्डा असतो, २०२५ ला ब्राझीलमध्ये बेलेमला खोल्यांचे भाव असे चढले की लोकांना राहायला क्रूझ जहाजं आणावी लागली. अंताल्या पर्यटकांचं शहर आहे, हॉटेलं भरपूर, तरी परिषदेच्या जवळचं आधी जातं, दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तर परवडतं. दोन्हीऐवजी एक आठवडाच गेलीस तर राहण्याचा खर्च तसाही निम्म्यावर येतो, आणि उरलेल्या आठवड्यात त्याच संस्थेचं दुसरं माणूस जाऊ शकतं, त्यांना हवे असलेले मंत्री त्यांना मिळतील. शेंगदाण्याची चटणी, लाडू असलं सोबत ठेव, परिषदेच्या आतलं सँडविच खिशाला फार लागतं, आणि पायात जुने बूट, दिवसभर या हॉलमधून त्या हॉलमध्ये चालणं असतं.

आणि समजा त्यांनी पूर्ण खर्च द्यायला नाही म्हटलं तर? तर यावेळी जाऊ नकोस. प्लेनरी ऑनलाइन दिसतात. रोजच्या वाटाघाटींचा सारांश अर्थ निगोशिएशन्स बुलेटिनमध्ये येतो, १९९२ पासून ते हे एकच काम करतायत, फुकट आहे, शेतीचा परिच्छेद शोधून वाचत जा. कॉपच्या आधी देशोदेशी तरुणांच्या स्थानिक परिषदा होतात, भारतातही होते, तिथं जायला ट्रेन पुरते. पुढच्या वर्षी परत बॅज असतोच, जूनमध्ये बॉनही असतं, आणि बॉनला गर्दी कमी, मंत्री नाहीत, शिकायला तर मी म्हणेन तेच जास्त चांगलं, दुबईला ८० हजारांच्या वर माणसं आली होती, त्यात कोण कोणाला शिकवणार.

तर आज रात्री संस्थेला मेल टाक, फोन नको, मेल. पहिला आठवडा हवा, शेतीच्या आयटमवर बसायचंय आणि रोजचे टिपण मी पाठवेन. पॅनल करायचं तर आकड्यांवर बोलेन, स्टोरीवर नाही. प्रवास आणि राहणं पूर्ण तुमच्याकडून. नॉमिनेशन झालं की युएनचा मेल मला यायला हवा. एवढी चार वाक्यं, खाली आभार. आणि पासपोर्ट काढलाय ना? त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. नसेल तर आधी ते, पोलीस व्हेरिफिकेशनला परंड्यात किती दिवस लागतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.